तेता ओंदिनाच्या खुर्च्या

घराला वास येतोय हे घरमालकाच्या तोंडावर सांगायचं काम नीवेसइतकं सफाईनं सगळ्या रियेका शहरात कुणाला जमत नसे. ती ते सांगायचीच नाही. म्हणायची, "काय करता, घर घेणाऱ्यांची नाकं हल्ली फार नाजूक झालीत. आठवडाभर खिडक्या सताड उघड्या ठेवू, आणि मांजरीला बहिणीकडे पाहुणचाराला पाठवू." भिंतीवर भुसा भरलेला तितर टांगलेला असला तर म्हणायची, "हा नव्या घरी न्यायचा असेलच ना? मग पहिल्यांदा हाच बांधून ठेवू. सामान हलवताना पंख मोडायला नकोत." मालक खूश व्हायचे आणि तितर खोक्यात जायचा.

ओपातियाच्या एका हॉटेलात वीस वर्षं तिनं खोल्यांची देखरेख केली होती. हॉटेल विकलं गेलं, नव्या मालकांना नवी माणसं हवी होती. तेव्हा तिनं हा धंदा धरला. कुणी घर विकायला काढलं की दलाल तिला आधी पाठवायचे. काय ठेवायचं, काय दडवायचं, कुठलं कपाट कुठं सरकवायचं हे ती सांगायची, म्हणजे घर बघायला येणाऱ्याला आपण इथं राहतोय असं क्षणभर वाटावं. बावन्न वर्षांची, दणकट हातांची, एकटी बाई. कुणाच्याही स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायल्याशिवाय ती खुर्चीलासुद्धा हात लावत नसे.

जून महिन्यात तिला कोझालाच्या टेकडीवरच्या एका घरी जायचं होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही. दार उघडलं ते बार्बा बोर्तुलनं. बार्बा म्हणजे काका. त्या बाजूला म्हाताऱ्या माणसाला सगळे बार्बाच म्हणतात. पस्तीस वर्षं शहराची बस चालवलेला हा माणूस अजूनही दारात असा उभा राहायचा, जणू तिकीट बघूनच आत सोडणार.

"या, या! आमचंच घर आम्हाला समजावून सांगायला आलात ना? बसा. मीपण शिकून घेतो, चाळीस वर्षं झाली, अजून काही कळलेलं नाही."

त्याच्या मागून त्याची बायको आली, ओंदिना. उंच, ताठ, पांढरे केस मानेवर बांधलेले. जहाजांच्या कारखान्यात ती नकाशे काढायची. तिनं काढलेल्या रेघेवर पट्टी लावून बघा, असं बोर्तुल अभिमानानं सांगायचा. नीवेसनं हात पुढे केला. ओंदिना तिच्या तोंडाकडे बघून गोड हसली, पण हात काही हातात घेतला नाही. हात तसाच राहिला. नीवेसनं तो हळूच मागे घेऊन पर्सचा पट्टा सारखा केला.

"हल्ली ही राणीसाहेब झालीय," बोर्तुल म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका. परवा शेजारीण जिन्यात हात हलवत राहिली, ही सरळ निघून गेली."

"माझ्या डोक्यात शंभर गोष्टी असतात," ओंदिना म्हणाली. "तुझ्यासारखं एकच बेट नसतं."

बेट म्हणजे क्रेस. बैठकीच्या खिडकीतून, हवा स्वच्छ असली की समोर समुद्रात लांबलचक पसरलेलं दिसायचं. तिथं बोर्तुलच्या बापाचं दगडी घर होतं आणि ऑलिव्हची साठ झाडं होती. दर उन्हाळ्यात दोघं पंधरा दिवस जायची. निवृत्त झालो की कायमचं तिथंच, हे बोर्तुलचं लग्नाआधीपासूनचं पालुपद. ओंदिना दरवेळी म्हणायची, बघू. आणि यंदा ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ताटं उचलता उचलता तीच म्हणाली, "हे घर काढ विकायला. या वर्षीच."

"मी तर कपच खाली टाकला," बोर्तुलनं नीवेसला सांगितलं. "चाळीस वर्षं बघू, आणि आता म्हणे, पुढच्या महिन्यात दलाल बोलाव!"

बैठकीची खोली मोठी होती, उजेड भरपूर होता, पण सामानाची मांडणी मात्र विचित्र होती. दारापाशी कपाट अर्धवट पुढे आलेलं. तिथून स्वयंपाकघरापर्यंत जेवणाच्या सहाही खुर्च्या एका ओळीत, पाठी सगळ्या एका बाजूला. पुढे वळणावर एक उंच तिवई, मग पेटी, मग न्हाणीघराचं दार. खोलीचा मधला भाग मात्र मोकळा, वाळवंटासारखा.

"बघितलंत?" बोर्तुलनं हात पसरले. "दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसायचं असतं ना, तसं झालंय. पूर्वी असं नव्हतं हो. दर महिन्याला एक खुर्ची वीतभर सरकते. विचारलं की म्हणते..."

"हवा खेळती राहते," ओंदिना म्हणाली.

"बघा! हवा! आणि दर तीन महिन्यांनी केस कापायला जाते, अर्धा दिवस घालवते आणि परत येते तेव्हा केस तेवढेच."

नीवेस हसली, पण तिचं लक्ष ओंदिनाकडे होतं. कॉफी आणायला ओंदिना स्वयंपाकघराकडे निघाली तेव्हा तिचा हात एकेका खुर्चीच्या पाठीवरून फिरत गेला. बघणाऱ्याला वाटावं, लाडानं फिरवतेय. खुर्च्या संपल्या, तिवई आली. तिवईवर बोटं क्षणभर टेकली आणि ती वळली. नीवेसला हॉटेलातला पियानो लावायला येणारा म्हातारा आठवला. दर हिवाळ्यात यायचा आणि मोठ्या दालनातल्या खांबांना असाच हात लावत चालायचा. तो आंधळा होता.

पण ही बाई तर टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून बारीक अक्षरातली बातमी नवऱ्याला वाचून दाखवत होती.

मग नीवेसनं बिस्किटांची बशी तिच्या डाव्या हाताला, जरा बाजूनं धरली. ओंदिना वाचत राहिली. बशी हलवली. ती वाचतच राहिली. बशी तिच्या नाकासमोर आणली तेव्हा ती दचकली आणि म्हणाली, "अगं बाई, थँक्यू."

बोर्तुल तळघरातल्या खोक्यांचा हिशेब सांगायला खाली गेला तेव्हा नीवेस कप विसळायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरली.

"तेता," ती म्हणाली. तेता म्हणजे मावशी. "खुर्च्यांना मी हात लावणार नाही. तुम्हीच सांगा, त्यातली कुठली हलली तर चालेल?"

ओंदिनाचा नळाखालचा हात तिथंच थांबला. पाणी वाहत राहिलं.

"एकही नाही," ती म्हणाली. मग नळ बंद करून तिनं अंगठा आणि तर्जनी जोडून छोटं गोल केलं आणि डोळ्यापुढं धरलं. "एवढं दिसतं. नळीतून बघावं तसं. समोरचं लख्ख. कडेचं काही नाही, खालचं काही नाही. तीन वर्षं झाली. थेंब घालते, तपासायला जाते..."

"केस कापायला."

"हो. तेवढाच बहाणा सुचला." ती हसली. "त्याला सांगू नकोस, पोरी. विक्रीच्या कागदावर सही होईपर्यंत तरी. कळलं तर तो जागचा हलणार नाही. मला ठाऊक आहे ना."

नीवेसला ते पटलं नाही. नवऱ्याच्या हौसेपायी ही बाई आपला पाठ झालेला संसार मोडून, दगडधोंड्यांच्या बेटावर पाठ नसलेल्या घरात चाचपडायला निघालीय, असंच तिला वाटलं. तिनं आडून विचारून बघितलं, "तिथं पायऱ्या बऱ्याच असतील नाही?"

"बाहेर अकरा, आत तीन," ओंदिनानं ताबडतोब सांगितलं. "मी काय करतेय ते मला कळतंय."

लोकांच्या घरात बोलायचं किती, हे नीवेसला कळत होतं. दोघींनी ठरवलं. गुरुवारी अकराला फोटो काढणारा येणार. नीवेस नऊला येईल, ओंदिनाला गॅलरीत बसवून सामान हलवेल, आणि फोटो झाले की सगळं होतं तिथं परत ठेवेल. कुठली वस्तू कुठं जाईल याचा एक कच्चा नकाशा नीवेसनं कागदावर काढला आणि जाताना तो टेबलावरच विसरून गेली.

गुरुवारी ती नऊला दहा कमी असताना पोचली. दार बोर्तुलनंच उघडलं, घामानं डबडबलेला, चेहरा आनंदानं फुललेला.

"आत या! डोळे मिटा आणि आत या!"

तिला डोळे मिटायची गरज नव्हती. उंबऱ्यातूनच सगळं दिसलं. कपाट भिंतीला टेकवलेलं. खुर्च्या जेवणाच्या टेबलाभोवती. खोलीच्या बरोबर मध्यभागी आतल्या खोलीतून आणलेलं बुटकं काचेचं टेबल, त्यावर फुलदाणी. सगळं तिच्या कागदाबरहुकूम. मासिकातलं घर वाटत होतं.

"पहाटे ती बाजाराला गेली आणि मी सुरुवात केली," तो म्हणाला. "म्हटलं, तुमच्या कमरेला त्रास नको. आणि तिलाही जरा गंमत."

"बार्बा," नीवेस घाईनं म्हणाली, "खुर्च्या आधी परत..."

पण जिन्यात पावलं वाजली आणि दार तर उघडंच होतं. ओंदिना आत आली. हातात पीचची टोपली, चढ चढून धाप लागलेली. "बोर्तुल, पीच बघ कसले मिळालेत," म्हणत तिनं नेहमीसारखा उजवा हात कपाटाच्या कोपऱ्याकडे नेला.

कोपरा नव्हता. हात हवेतच राहिला. तिनं तो आणखी पुढे नेला, मग खाली, मग खुर्चीच्या उंचीवर. काहीच नाही.

"तेता, थांबा!" नीवेस पुढे झाली, तोवर ओंदिनानं पाऊल टाकलं होतं. काचेच्या टेबलाची कड तिच्या नडगीवर बसली. फुलदाणी कोलमडली, टोपली उडाली आणि ती दोन्ही गुडघ्यांवर आली.

बोर्तुल आधी हसला. "अगं, एवढं टेबल समोर आणि..." तो तिला उठवायला वाकला. ओंदिना जमिनीवर हात फिरवून पीच गोळा करत होती. एक पीच अगदी तिच्या गुडघ्याला लागून पडलं होतं. तिचा हात त्याच्या पुढून गेला, मागून गेला.

"ते काय, तुझ्या गुडघ्याशी," तो म्हणाला.

तिनं मान खाली केली, वळवली, आणखी वळवली. तिला ते सापडेना.

बोर्तुल तिच्यासमोर उकिडवा बसला. चेहऱ्यावरचं हसू कुठं गेलं ते त्यालाही कळलं नसेल. त्यानं आपला तळवा तिच्या कानाजवळ नेऊन हलवला. तिला कळलं नाही.

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

"आणि केस?"

"डोळ्यांचा डॉक्टर केस कापत नाही."

तो उठला. नीवेसकडे बोट केलं. "हिला माहीत होतं?"

"तिला पाच मिनिटांत कळलं."

हे त्याला फार लागलं. तो गॅलरीत गेला आणि दार धाडकन ओढून घेतलं. नीवेसनं ओंदिनाला कोचावर बसवलं, नडगीवर ओला रुमाल ठेवला, पीच एकेक करून टोपलीत भरले. सगळ्यांत मोठी चूक आपलीच, तो कागद आपणच टेबलावर टाकून गेलो, हे तिच्या डोक्यातून जाईना. तसं ती म्हणालीसुद्धा. ओंदिना म्हणाली, "कागदानं नाही झालं. मीच सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. मग तो खिडकीशी कॉफी घेऊन बसायचा आणि..." तिनं वाक्य सोडून दिलं.

गॅलरीचं दार उघडलं तेव्हा अकरा वाजत आले होते. बोर्तुलचे डोळे लाल होते.

"फोटोवाल्याला नको म्हणून सांगा," तो नीवेसला म्हणाला. "दलालालाही. घर विकायचं नाही. आम्ही इथंच राहणार. हिला इथलं सगळं पाठ आहे, तिथं त्या दगडांत हिला मारायला नेऊ का मी? माझ्या हौसेसाठी?"

"तुझ्या हौसेसाठी?" ओंदिना ताठ झाली. "फार मोठा समजतोस स्वतःला! तुझी हौस चाळीस वर्षं थांबली होती, आणखी चाळीस थांबली असती. बस खाली. बस म्हणते ना."

तो बसला.

"इथलं घर मला पाठ आहे, खरं. कारण डोळे होते तेव्हा मी इथं राहिले. आज एवढा तरी उजेड आहे." तिनं पुन्हा बोटांचं गोल केलं. "डॉक्टर म्हणतात दोन वर्षं, फार तर चार. मग हे घर म्हणजे काय? चार मजले. खाली उतरायला तू हवास, आणि तुझे गुडघे कसे आहेत ते सगळ्या जिन्याला ऐकू येतं. मी इथं वर टांगलेली राहीन, बोर्तुल. तिथं दाराबाहेर अंगण आहे, अंजीर आहे, गल्ली सरळ चर्चपर्यंत जाते आणि गाड्या नाहीत. पण ते घर मला शिकायला हवं. दिसतंय तोवर. एकेक दगड बघून ठेवायचाय मला. दोन वर्षांनी नेलंस तर मी काय शिकणार? म्हणून घाई केली. तुझ्यासाठी नाही."

नीवेस खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बाईला आपण किती चुकीचं ओळखलं होतं, या विचारानं तिचे कान तापले.

बोर्तुलनं बायकोच्या नडगीवरचा रुमाल उचलला, उलटा केला, परत ठेवला.

"मला आधी सांगितलं असतंस तर?" तो म्हणाला.

"तर तू माझा दंड धरून मला घरभर फिरवलं असतंस."

"असतं," त्यानं कबूल केलं.

खाली बेल वाजली. फोटोवाला आला होता.

"येऊ दे त्याला," ओंदिना म्हणाली. "एवढं उचललंस तर निदान फोटो तरी निघू दे. मग माझी एकेक खुर्ची जिथल्या तिथं ठेव. मी सांगते तशी."

फोटो निघाले. नंतर दुपारभर बोर्तुल आणि नीवेस सामान उचलत होते आणि ओंदिना कोचावरून हुकूम सोडत होती. "कपाट अजून तीन बोटं पुढे. चौथी खुर्ची वाकडी आहे." बोर्तुल म्हणाला, "तुला दिसत नाही, मग वाकडी आहे हे कसं कळलं?" ती म्हणाली, "तू ठेवलीस म्हणून." त्यावर तिघंही इतकी हसली की नीवेसला खुर्ची खाली ठेवावी लागली.

त्यानंतर मात्र बोर्तुलनं घर बघायला येणाऱ्यांसाठी एक खुर्चीही हलवू दिली नाही. "एकदा झालं तेवढं पुरे," म्हणाला. मग नीवेसनं आपली हुशारी घेणाऱ्यांवर खर्च केली. प्रत्येक खुर्चीवर एकेक जाड, सुती उशी ठेवली, तिवईवर तुळशीची कुंडी. कुणी विचारलंच, की ही ओळ कशाला, तर ती म्हणायची, "खोली किती मोठी आहे ते यामुळे कळतं. बघा, मधे नाचता येईल." पाच जण आले आणि गेले. ऑगस्टच्या अखेरीस आलेल्या एका परिचारिकेच्या दोन मुलींनी खरंच मधे नाचून बघितलं, आणि घर त्यांना गेलं.

ऑक्टोबरमध्ये नीवेस त्यांच्याबरोबर बोटीनं क्रेसला गेली. कुणी बोलावलं नव्हतं. सामान लावायला दोन हात लागतील, एवढंच ती म्हणाली. आजवर तिनं लोकांच्या घरातून त्यांच्या खुणा पुसल्या होत्या. इथं एका बाईच्या मापानं घर बसवायचं होतं आणि ते कसं करतात हे तिला येत नव्हतं. पहिला दिवस ती ओंदिनाच्या मागून वही घेऊन नुसती हिंडली. चुलीपासून दारापर्यंत सात पावलं. पाण्याचा नळ डाव्या हाताला. ओंदिना प्रत्येक वस्तूसमोर उभी राहायची, मान खाली-वर, डावी-उजवीकडे फिरवून ती तुकड्यातुकड्यानं बघायची, मग डोळे मिटून हातानं बघायची.

आणि बोर्तुल सारखा मधे यायचा. "सांभाळ! पायरी!" "इकडे नको, इकडे खिळा आहे!" तिचा दंड धरायचा, ती झटकायची, तो पुन्हा धरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याच्या अंगावर फडकं फेकलं. तो गोरामोरा होऊन उभा राहिला.

नीवेस त्याच्याजवळ गेली. वीस वर्षं हॉटेलात आणि नऊ वर्षं या धंद्यात कमावलेला सगळा गोडवा तिनं आवाजात आणला.

"बार्बा, तुम्हाला एक गंमत सांगू? घर बघायला माणसं येतात ना, तेव्हा मालक घरात असला की त्यांना घर नीट बघताच येत नाही. मालक कितीही भला असो. तो म्हणतो, हे कपाट बघा, तो नळ बघा, आणि माणसं बिचारी मालकाच्याच तोंडाकडे बघत राहतात. म्हणून मी मालकाला तासभर बाहेर पाठवते."

बोर्तुलनं तिच्याकडे रोखून बघितलं. बस चालवणारा माणूस, वळण लांबूनच ओळखायचा.

"म्हणजे मी बाहेर जाऊ."

"मीही येते ना. ऑलिव्ह किती धरलेत ते मला दाखवा."

दोघं अंगणाच्या दगडी कुंपणावर, घराकडे पाठ करून बसली. ऑलिव्ह बघायला कुणी गेलं नाही. बोर्तुलचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते. आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग पावलं, मग भांड्याला भांडं लागलं. मग काहीतरी जोरात आपटलं. तो अर्धा उठला.

"काही नाही!" आतून ओंदिनाचा आवाज आला. "फळी होती!"

तो बसला. नीवेसनं खिशातून अक्रोड काढून त्याच्या हातात ठेवले. दोन अक्रोड त्यानं फोडले, एकही खाल्ला नाही. सूर्य अंजिराच्या वर आला. आत पावलं एका लयीत येऊ-जाऊ लागली, सात आणि सात, आधी सावकाश, मग जरा भरभर. मधेच ती थांबायची. थांबली की बोर्तुलचा श्वासही थांबायचा. मग ती पुन्हा सुरू व्हायची.

असा तासच गेला असेल. दारात ओंदिना उभी राहिली. कपाळावर लहानसं टेंगूळ आलं होतं, केसांना पीठ लागलं होतं आणि चेहरा परीक्षेत पास झालेल्या मुलीसारखा होता.

"ती फळी दोन बोटं डावीकडे सरकव," ती म्हणाली. "आणि कुणाला भूक लागली असेल तर मासे तव्यावर टाकलेत."

बोर्तुल इतक्या घाईनं उठला की अक्रोड अंगणभर विखुरले.

"हातोडा कुठं आहे?" त्यानं नीवेसला विचारलं.

"तिला विचारा," नीवेस म्हणाली.

"पेटीच्या उजवीकडे, दुसऱ्या खिळ्यावर," दारातून उत्तर आलं.